एआय सोबतीला घेऊन ओपन सोर्सला पॅच पाठवायचा तर

"ओळीत समान चिन्हच नसेल तर तुमचा कोड काय करतो?" माझ्या पुल रिक्वेस्टखाली मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाने, एवढा एकच प्रश्न टाकला होता. प्रकल्प छोटा, पायथनमध्ये लिहिलेलं एक कमांड लाइन टूल. त्याची सेटिंगची फाइल अगदी साधी: दर ओळीत आधी नाव, मग समान चिन्ह, मग व्हॅल्यू. व्हॅल्यूच्या आत आणखी एखादं समान चिन्ह आलं, जसं ते लिंकमध्ये हमखास येतं, की त्यापुढचा मजकूर गायब व्हायचा. मी या बगची नोंद, म्हणजे इश्यू, उचलून एआय असिस्टंटला चिकटवला, त्याने दोन ओळी बदलून दिल्या, सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास झाल्या, आणि मी तो बदल, म्हणजे पॅच, पाठवून मोकळी झाले. मेंटेनरचा प्रश्न आला तेव्हा तोही असिस्टंटला चिकटवला आणि त्याचं चार परिच्छेदांचं सुबक उत्तर जसंच्या तसं खाली डकवलं. "पूर्वीप्रमाणेच एरर येईल," असं त्यात ठासून म्हटलं होतं. मेंटेनरने माझी ब्रांच स्वतःच्या मशिनवर उतरवली, चालवली आणि आउटपुट दाखवलं. एरर येत नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या पॅचचं पुढे काय झालं ते खाली येईलच. पण तेव्हापासून एक हिशेब डोक्यात पक्का बसला आहे: एआयमुळे कोड लिहायला लागणारा वेळ घटला, तो वाचायला लागणारा वेळ घटलेला नाही. आणि ओपन सोर्समध्ये वाचणारा माणूस बहुतेकदा नोकरी सांभाळून, रात्री नाहीतर सुट्टीच्या दिवशी बसलेला असतो. त्याच्या डोक्याला ताप न देता एआय कुठे वापरायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे मी ज्या क्रमाने काम करते त्याच क्रमाने लिहिते आहे. गिट आणि पुल रिक्वेस्ट यांची तोंडओळख तुम्हाला आहे असं धरून चालते.

पायरी 1: आधी नियम, मग टूल

रिपॉझिटरी क्लोन करण्याआधी तिच्यातली 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल उघडा. एआय, एलएलएम, कोपायलट असे दोन-तीन शब्द टाकून तिच्यात शोधा. तिथे काही मिळालं नाही तर प्रकल्पाची वेबसाइट आणि जुन्या पुल रिक्वेस्टमधली चर्चा पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचे दोन दिवस पाण्यात जाऊ शकतात, कारण या बाबतीत प्रकल्पाप्रकल्पांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जेंटू लिनक्सच्या कौन्सिलने एप्रिल 2024 मध्ये ठरवलं की एआय टूल्सच्या मदतीने तयार केलेलं योगदान स्वीकारायचं नाही. कॉपीराइट, दर्जा आणि नैतिकता ही तीन कारणं त्यांनी दिली. पाठोपाठ मे 2024 मध्ये नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने नियम केला की असा कोड मुळातच डागाळलेला मानला जाईल आणि कोअर टीमच्या लेखी परवानगीशिवाय तो कमिट करता येणार नाही. व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रकल्पाने 2025 मध्ये एआयने लिहिलेले पॅच नाकारण्याचं धोरण आणलं. त्यातला बारकावा मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतो: एपीआय समजून घेणं, डीबगिंग करणं, स्टॅटिक अ‍ॅनालिसिस (कोड न चालवता तपासणं) करणं यासाठी तिथेही एआय चालतं, फक्त त्याचं आउटपुट पॅचमध्ये उतरता कामा नये. म्हणजे बंदी असलेल्या प्रकल्पातसुद्धा खाली पायरी 4 मध्ये सांगितलेलं बरंचसं काम करता येतं.

दुसऱ्या बाजूला फेडोरा या लिनक्स डिस्ट्रिब्युशनच्या कौन्सिलने ऑक्टोबर 2025 मध्ये एआयच्या मदतीला परवानगी दिली, पण जबाबदारी पूर्णपणे योगदान देणाऱ्या माणसावर ठेवली. लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांत तर एआय कोडिंग असिस्टंटसाठी स्वतंत्र पानच आहे. एआयने कमिटखालची 'साइन्ड-ऑफ-बाय' ही सहीची ओळ कधीही घालायची नाही, ती फक्त माणसाने घालायची, आणि टूल वापरलं असेल तर 'असिस्टेड-बाय' या ओळीत त्याचं नाव द्यायचं, असं ते सांगतं.

नियम सापडलाच नाही तर इश्यूवर एका वाक्यात विचारा. उत्तर येईपर्यंत परवानगी आहे असं गृहीत धरू नका.

पायरी 2: इश्यू निवडणं

इथे फार वेळ घालवत नाही. स्वतःला टोचलेला बग निवडा. जे टूल तुम्ही रोज वापरता, त्यात काय बिघडलंय आणि कसं असायला हवं हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही, आणि एआयने भलतंच काही सांगितलं तर तुमच्या ते लगेच लक्षात येतं. 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेले इश्यू मेंटेनर मुद्दाम नवशिक्यांनी शिकावं म्हणून राखून ठेवतात. त्यांतले कित्येक मेंटेनरला स्वतः दहा मिनिटांत उरकता आले असते. त्यांवर एजंट, म्हणजे स्वतःच कोड बदलणारं एआय टूल, सोडून एका दुपारी पाच पुल रिक्वेस्ट टाकणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

पायरी 3: टूलला काय दाखवायचं, किती मोकळं सोडायचं

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एडिटरमध्ये टाइप करताना पुढची ओळ सुचवणारं टूल, प्रश्न विचारायचं चॅट, आणि स्वतःच फाइली बदलून कमांड चालवणारा एजंट. पहिल्या दोघांच्या बाबतीत काळजी एकच, आपण त्यांना काय दाखवतोय याची. शेजारच्या खिडकीत कंपनीचा कोड उघडा असेल, किंवा सेटिंगच्या फाइलमध्ये टोकन आणि पासवर्ड असतील, तर तेही टूलच्या नजरेला पडू शकतात.

एजंटचं प्रकरण वेगळं. तो इश्यूमधला मजकूर वाचतो, रीडमी वाचतो, वेबपानं वाचतो, आणि त्या मजकुरात कुणी त्याच्यासाठीच सूचना पेरून ठेवली असेल तर ती तुमचीच आज्ञा समजून पाळूही शकतो. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात आणि यावर रामबाण उपाय अजून कुणाकडे नाही. म्हणून एजंट चालवायचा तर कंटेनरमध्ये किंवा व्हर्च्युअल मशिनमध्ये, जिथे तुमच्या एसएसएच की (दुसऱ्या मशिनवर शिरायच्या किल्ल्या) नाहीत, पॅकेज पब्लिश करायचं टोकन नाही आणि पुश करायचा अधिकार नाही. पुश आपण हाताने करायचं. कमांड चालवण्याआधी परवानगी विचारण्याची सोय बहुतेक एजंटमध्ये असते. ती सुरुवातीला कटकट वाटते, पण बंद करू नका.

काहीही बाहेर जाऊ द्यायचं नसेल तर ओलामा किंवा लामा डॉट सीपीपी वापरून मॉडेल आपल्याच मशिनवर चालवता येतं. मशिनवर मावणारी मॉडेल लहान असतात. मोठ्या कोडबेसमध्ये ती गोंधळतात, पण एखादं फंक्शन समजावून सांगणं, एररचा अर्थ लावणं एवढ्यापुरती चांगली चालतात. अजून जाहीर न झालेल्या सुरक्षा-त्रुटीवर काम करत असाल तर हाच मार्ग धरा.

पायरी 4: एआयकडून आधी वाचून घ्या

माझ्या मते ओपन सोर्समध्ये एआयचा खरा उपयोग इथे आहे, आणि लोक नेमके हीच पायरी ओलांडून पुढे जातात. अनोळखी कोडबेसमध्ये अडचण येते ती कोड लिहिण्याची नसते; कुठे काय आहे हेच उमगत नसतं. पूर्वी यात दोन संध्याकाळ जायच्या, आता एक तास पुरतो. अट एकच, प्रश्न नीट विचारता आला पाहिजे.

"हा प्रकल्प समजावून सांग" असं विचारलं तर रीडमीचाच गोडवा परत ऐकायला मिळतो. त्याऐवजी असं विचारा: "सेटिंगची ओळ वाचणाऱ्या या फंक्शनला कोण कोण बोलावतं? ते कुठली एरर फेकतं आणि ती कोण झेलतं? प्रत्येक उत्तराला फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक दे." शेवटचं वाक्य विसरू नका. ओळ क्रमांक मिळाला की उघडून पाहता येतं, आणि तो थापेचा निघाला तर बाकीच्या उत्तराकडेही संशयाने पाहायचं हे कळतं. त्यानंतर तेच नाव ग्रेप या मजकूर शोधायच्या कमांडने शोधा. एआयने चार जागा सांगितल्या आणि ग्रेपने सहा, तर उरलेल्या दोन ठिकाणी काय चाललंय ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग इतिहास. ज्या ओळी बदलायच्या आहेत त्यांवर गिट ब्लेम चालवा, त्या कुठल्या कमिटमध्ये आल्या ते पाहा, आणि कमिटचा संदेश व त्याला जोडलेली चर्चा असिस्टंटला देऊन विचारा: "ही अट का घातली गेली? ती काढली तर तेव्हाची कुठली तक्रार परत उद्भवेल?" एखादी विचित्र दिसणारी अट काढून टाकायची खुमखुमी प्रत्येकाला येते. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी रात्रभर जागून ती अट घातलेली असते आणि तिची हकिकत इतिहासात पडून असते. लांबलचक चर्चेचा सारांश काढायचं काम एआय छान करतं. सारांशावर विसंबून निर्णय मात्र घेऊ नका, ज्या दोन-तीन प्रतिक्रियांवर सगळं अवलंबून आहे त्या मुळातून वाचा.

मी त्या पॅचच्या वेळी हा एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं की आमच्या त्या फंक्शनची एरर शेजारच्या फाइलमध्ये झेलली जात होती आणि तिच्यावरूनच "ओळ 14 मध्ये चूक आहे" असा संदेश वापरणाऱ्याला दिसत होता. मी विचारलं नाही, असिस्टंटने आपणहून सांगितलं नाही.

बिल्ड होत नसेल, तर तो पाचशे ओळींचा एरर लॉग चिकटवायलाही एआयसारखी जागा नाही. नवशिक्यांची उमेद बहुधा बिल्डपाशीच खचते.

पायरी 5: बग स्वतःच्या हाताने दाखवा

दुरुस्तीला हात लावण्याआधी बग दाखवणारी एक टेस्ट लिहा आणि ती लाल झालेली डोळ्यांनी पाहा. ही टेस्ट मी एआयकडून लिहून घेत नाही. इश्यू मला खरोखर कळला आहे का, याची ती माझी स्वतःची परीक्षा असते. इनपुट काय, आत्ता काय येतं, काय यायला हवं, एवढ्या तीन गोष्टी लिहिता येत नसतील तर पायरी 4 वर परत जायचं.

पायरी 6: दुरुस्ती

आता तो पॅच जवळून पाहू. जुना कोड ओळ घेऊन समान चिन्हावर तिचे तुकडे करायचा. पायथनमध्ये याला 'स्प्लिट' म्हणतात. पहिला तुकडा नाव, दुसरा तुकडा व्हॅल्यू. ओळीत दोन समान चिन्हं असली की तीन तुकडे व्हायचे आणि तिसऱ्याकडे कुणी बघायचंच नाही. हा बग.

असिस्टंटने 'स्प्लिट' काढून 'पार्टिशन' घातलं. ते फक्त पहिल्या समान चिन्हापाशी ओळ कापतं आणि कायम तीन गोष्टी परत देतं: चिन्हाआधीचा भाग, चिन्ह, आणि नंतरचा सगळा भाग. दिसायला सुरेख, आणि इश्यूतला बगही जातो. पण ओळीत समान चिन्हच नसेल तर 'पार्टिशन' तक्रार करत नाही. पूर्ण ओळ नाव म्हणून देतं आणि उरलेल्या दोन जागी रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. जुन्या कोडमध्ये अशा ओळीचा एकच तुकडा व्हायचा, दुसरा मागितला की 'इंडेक्स एरर' यायची आणि तिच्यावरूनच तो "ओळ 14" वाला संदेश बनायचा. म्हणजे माझ्या दुरुस्तीने एक बग मारला आणि चुकीची फाइल मुकाट्याने गिळण्याची नवी सवय प्रोग्रामला लावली. टेस्ट हिरव्या होत्या कारण समान चिन्ह नसलेल्या ओळीची टेस्ट कुणी लिहिलीच नव्हती.

बरोबर दुरुस्ती याहून लहान निघाली: 'स्प्लिट'च ठेवायचं, फक्त त्याला "जास्तीत जास्त एकदाच काप" हे सांगणारा 1 हा आकडा द्यायचा. दोन समान चिन्हं असली तरी तुकडे दोनच, आणि एकही नसेल तर एरर पहिल्यासारखीच.

यात 'पार्टिशन' वाईट असं काही नाही. असिस्टंट तुम्ही दाखवलेलं फंक्शन बघून उत्तर देतो, आणि त्या फंक्शनच्या वागण्यावर दुसरीकडे कोण टेकून उभं आहे, हे त्याला दाखवणं आपलं काम असतं. म्हणून हल्ली मी कोड मागण्याआधी योजना मागते: "कोड लिहू नकोस. दुरुस्तीचे दोन-तीन पर्याय सांग आणि प्रत्येकामुळे आत्ताचं कुठलं वागणं बदलेल ते सांग." योजना वाचून पर्याय मी निवडते. मग सूचना देते: फक्त एवढं फंक्शन, नावं बदलायची नाहीत, फॉरमॅटिंगला हात लावायचा नाही, नवी लायब्ररी आणायची नाही. या सूचना न देता मागितलेल्या पॅचमध्ये एकदा फाइलभरचे एकेरी अवतरण दुहेरी झाले होते आणि कोड जे करतो तेच शब्दांत सांगणाऱ्या कॉमेंट जागोजागी उगवल्या होत्या. तीन ओळींच्या बदलासाठी साठ ओळी वाचायला कुणाला सांगायचं?

तरीही जादा काही घुसलंच, तर गिट अ‍ॅडच्या पॅच मोडमध्ये एकेक तुकडा पाहून हवा तेवढाच घ्या. बाकीचा टाकून द्या, जीव अडकवू नका.

थोडं विषयांतर: वेळ खरंच वाचतो का?

मीटर (METR) या एआयची क्षमता तपासणाऱ्या संस्थेने जुलै 2025 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्या स्वतःच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली 246 कामं. काही कामांत एआयला परवानगी, काहींत नाही, आणि कुठल्या कामात कुठला नियम हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. एआयमुळे आपण 24 टक्के कमी वेळात काम उरकू असा त्यांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात एआयसोबत 19 टक्के जास्त वेळ लागला. आणि गंमत म्हणजे सगळं संपल्यावरही आपला वेळ 20 टक्के वाचला असंच त्यांना वाटत होतं. ती 2025 च्या सुरुवातीची टूल्स होती आणि ते लोक स्वतःच्या कोडबेसमध्ये मुरलेले होते, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना लावता येणार नाही. पण "फार पटकन झालं" ही आपली भावना भरवशाची नसते, एवढं त्यातून नक्की घ्यावं. मी तेव्हापासून सुरुवातीची आणि शेवटची वेळ कागदावर लिहून ठेवते. आकडे कधीकधी लाज आणतात.

पायरी 7: पाठवण्याआधीची झडती

संपूर्ण डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, उघडा आणि प्रत्येक बदललेल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने सांगा की ही का बदलली. एका ओळीपाशी जरी अडखळलात तरी ती ओळ समजेपर्यंत पॅच पाठवायचा नाही. हे ऐकायला बालिश वाटतं, पण माझ्या हातून गेलेल्या चुकांपैकी बऱ्याच याने अडल्या असत्या.

टेस्टची टेस्ट घ्या. दुरुस्ती मुद्दाम मोडा, म्हणजे तो 1 आकडा काढून टाका, आणि टेस्ट लाल होते का ते पाहा. एआयने लिहिलेल्या टेस्टमध्ये हे जास्तच गरजेचं असतं. जे फंक्शन तपासायचं त्याच्याच जागी नकली फंक्शन बसवून, मग ते नकली बरोबर चालतं हे सिद्ध करणाऱ्या टेस्ट मी पाहिल्या आहेत. त्या कायम हिरव्या असतात.

नवीन पॅकेज आलं असेल तर ते खरंच अस्तित्वात आहे का, कुणाचं आहे, कधीपासून आहे हे पॅकेजच्या पानावर जाऊन पाहा. भाषा-मॉडेल कधीकधी पटण्याजोगी पण अस्तित्वात नसलेली पॅकेजची नावं सुचवतात, आणि तेच नाव पुन्हा पुन्हा सुचवतात. हे हेरून कुणी त्या नावाचं घातक पॅकेज आधीच टाकून ठेवू शकतं. या प्रकाराला स्लॉपस्क्वॉटिंग असं नाव पडलं आहे. "पॅकेज इन्स्टॉल झालं, म्हणजे खरं असणार" हा तर्क इथे उलटा आपल्यावरच येतो.

लायसन्सचं पाहा. छोट्या दुरुस्तीत सहसा प्रश्न येत नाही. पण एआयने एका दमात दीडशे ओळींचा एखादा नामांकित अल्गोरिदम काढून दिला, तर त्यातली वेगळी उठून दिसणारी ओळ किंवा कॉमेंट कोड सर्चमध्ये टाकून बघा. जीपीएल या कडक अटींच्या लायसन्सखालचा कोड नकळत सैल अटींच्या एमआयटी लायसन्सच्या प्रकल्पात गेला तर निस्तरायला मेंटेनरला बसावं लागतं. गिटहब कोपायलटमध्ये सार्वजनिक कोडशी जुळणाऱ्या सूचना अडवण्याचं सेटिंग आहे. ते चालू ठेवा.

पायरी 8: कमिटचा संदेश आणि सही

बऱ्याच प्रकल्पांत कमिटच्या शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते. तिच्यामागे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे डीसीओ आहे. लिनक्स कर्नलने 2004 मध्ये सुरू केलेली ही पद्धत. ती ओळ घालताना तुम्ही लिहून देता की हा कोड या लायसन्सखाली देण्याचा हक्क मला आहे. मॉडेलने लिहिलेल्या कोडबद्दल असं छातीठोक म्हणता येतं का, यावरच क्यूईएमयूचा आक्षेप उभा आहे. एजंट आपोआप ही ओळ घालत असेल तर ते बंद करा. सही आपली आपण करायची असते.

एआय वापरलं असेल तर सांगा. लपवाछपवी उघडी पडली की तुमच्या पुढच्या दहा चांगल्या पॅचवरही संशयाची सावली पडते. कबुलीजबाब लांबलचक नको. मी असं लिहिते: "दुरुस्तीचे पर्याय शोधायला आणि कोड वाचायला असिस्टंट वापरला. अंतिम कोड आणि दोन्ही टेस्ट मी लिहिल्या. अमुक व्हर्जनवर चालवून पाहिलं." प्रकल्पाला 'असिस्टेड-बाय' ओळ हवी असेल तर तिचा साचा त्यांच्याच दस्तऐवजातून उचला.

कमिटचा संदेश एआयकडून घेतला तर तो डिफमध्ये दिसतंय तेच पुन्हा सांगतो: "या फंक्शनमध्ये बदल केला." वाचणाऱ्याला हवं असतं ते कारण. ते तुमच्याकडे आहे, तुम्हीच लिहा.

पायरी 9: रिव्ह्यूला उत्तर

मेंटेनरचा प्रश्न असिस्टंटला चिकटवून त्याचं उत्तर परत चिकटवायचं नाही, यावर मी वर पुरेशी शोभा करून घेतली आहे. असिस्टंटशीच बोलायचं असतं तर मेंटेनर स्वतः बोलला असता, त्याला तुमच्या मध्यस्थीची गरज नव्हती. प्रश्न आला की आधी चालवून बघा, मग उत्तर द्या. "माहीत नाही, बघून सांगते" हेही चालणारं उत्तर आहे.

इंग्रजीची धास्ती असेल तर एआयची मदत जरूर घ्या, पण उलट्या क्रमाने. आधी तुमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, नाहीतर सरळ मराठीत चार वाक्यं लिहा. मग सांगा: "फक्त व्याकरण सुधार, नवा मुद्दा घालू नकोस, लांबी वाढवू नकोस." चार वाक्यांची चारच वाक्यं परत आली पाहिजेत.

सुरक्षा-त्रुटी कळवायच्या असतील तर

इथे दुप्पट सावध राहा, कारण सगळ्यात जास्त कंटाळलेले मेंटेनर इथेच आहेत. इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणारा कर्ल हा प्रकल्प जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर आणि फोनवर कुठे ना कुठे असतो. त्याची बग बाउंटी, म्हणजे त्रुटी शोधणाऱ्याला बक्षीस देण्याची योजना, 2019 पासून चालू होती. एआयने रचलेल्या, दिसायला भारदस्त पण आत पोकळ अहवालांचा एवढा भडिमार झाला की मुख्य डेव्हलपर डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी 2026 अखेर ती बंद केली. अहवालांत अस्तित्वात नसलेल्या फंक्शनची नावंसुद्धा असत, आणि तरीही प्रत्येक अहवाल सुरक्षेचा म्हणून कुणीतरी वाचावाच लागे.

गोष्टीची दुसरी बाजू अशी की त्याच कर्लला 2025 च्या सप्टेंबरमध्ये एका सुरक्षा संशोधकाने एआय टूल्स वापरून सापडलेल्या दोषांची लांबलचक यादी पाठवली आणि तिच्यातून डझनावारी खऱ्या दुरुस्त्या निघाल्या. स्टेनबर्ग यांनी तिचं जाहीर कौतुक केलं. गूगलच्या बिग स्लीप या एजंटने 2024 मध्ये एसक्यूलाइट या डेटाबेसमधली मेमरीची एक चूक रिलीजआधीच पकडली होती. फरक पडला तो मधल्या माणसामुळे: टूलने दाखवलेलं प्रत्येक ठिकाण स्वतः तपासून, खोटं गाळून, मगच पुढे पाठवणारा कुणीतरी तिथे होता. म्हणून अहवालासोबत चालवता येईल असं इनपुट आणि स्वतःच्या मशिनवरचा क्रॅश लॉग नसेल, तर तो पाठवू नका.

तुम्हीच मेंटेनर असाल तर

छोट्या प्रकल्पांनाही आता चार ओळींचं धोरण लागतं, आणि ते पहिला वाद होण्याआधी लिहिलेलं बरं. काय चालेल, काय नाही, टूल वापरल्याचं कुठे सांगायचं, आणि नियम मोडला तर स्पष्टीकरण न देता पुल रिक्वेस्ट बंद होईल, एवढं पुरे. एजंट वाचतात त्या 'एजंट्स' नावाच्या फाइलमध्ये बिल्ड कसं करायचं, टेस्ट कशा चालवायच्या, कुठल्या फाइलींना हात लावायचा नाही हे लिहून ठेवा; आश्चर्य म्हणजे ती फाइल नव्या माणसांनाही आवडते. पुल रिक्वेस्टच्या साच्यात "हे तुम्ही कसं चालवून पाहिलं?" असा एक मोकळा प्रश्न घाला. टिकमार्कच्या चौकटी एजंट डोळे मिटून भरतो, या प्रश्नाच्या उत्तरात मात्र माणूस आहे की नाही ते चटकन दिसतं. एआय रिव्ह्यू बॉट लावायचा तर लावा, पण मर्जचं बटण त्याच्या हाती देऊ नका, आणि त्याने केलेल्या वीस सूचना योगदान देणाऱ्याच्या अंगावर फेकण्याआधी त्यांतल्या अठरा तुम्ही गाळा.

माझ्या त्या पुल रिक्वेस्टवर मी शेवटी तीन ओळींची कबुली लिहिली, 'पार्टिशन' काढून 'स्प्लिट' परत आणलं, त्याला तो 1 दिला आणि दोन टेस्ट जोडल्या: एक दोन समान चिन्हं असलेल्या लिंकची, एक समान चिन्हच नसलेल्या ओळीची. दोन दिवसांनी मेंटेनरने मर्ज केलं. खाली आणखी एक प्रश्न होता: "आणि ओळ समान चिन्हानेच सुरू झाली तर?" नाव रिकामं, व्हॅल्यू भरलेली. हे मला सुचलं नव्हतं, असिस्टंटलाही नाही. त्याचा नवा इश्यू उघडला आहे आणि या खेपेस टेस्ट आधी लिहून झाली आहे. ती सध्या लाल आहे.